लेखातले कीवर्ड तपासायचे कसे: मोजणी सगळ्यात शेवटी

सर्च इंजिनसाठी लेख लिहून झाला की एक प्रश्न हमखास येतो: कीवर्ड, म्हणजे वाचक शोधताना टाइप करतो तो शब्द, किती वेळा आला पाहिजे? कुणी एक टक्का सांगतं, कुणी अडीच टक्के, कुणी दर शंभर शब्दांमागे एकदा. गुगलने असा आदर्श आकडा कधीच दिलेला नाही. तरी प्रश्न टिकून आहे, कारण आकडा जुळला की काम झाल्याचं समाधान मिळतं.

माझं ठाम मत असं आहे की कीवर्डची तपासणी मोजणीपासून सुरू करूच नये. आधी हे बघायचं की आपण निवडलेला शब्द वाचक खरंच वापरतो का, तो वापरताना त्याला नेमकं काय हवं असतं, आणि लेखात तो शब्द दिसायला हवा तिथे दिसतो का. मोजणी त्यानंतर, आणि तीही मुख्यतः अतिरेक पकडायला. मराठीत तर यंत्राने केलेली मोजणी बहुतेक वेळा चुकते. त्यामागचं व्याकरण आपल्याला शाळेपासून माहीत आहे, फक्त एसईओ, म्हणजे सर्च इंजिनात लेख वर यावा म्हणूनचं काम, करताना ते आठवत नाही.

मोजणीचं वजन का घटलं

शब्द मोजण्याची कल्पना मुळात चुकीची नव्हती. १९५७ मध्ये आयबीएमचे संशोधक हान्स पीटर लून यांनी मांडलं की एखादा शब्द लेखात वारंवार येत असेल तर तो लेखाच्या विषयाकडे बोट दाखवतो. १९७२ मध्ये संगणक-संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली: जो शब्द सगळ्याच लेखांत सापडतो त्याचं वजन कमी, मोजक्या लेखांत सापडतो त्याचं जास्त. ‘आणि’ वाचून विषय कळत नाही, ‘बुरशी’ वाचून बराच कळतो.

१९९० च्या दशकात बीएम२५ नावाचं, लेख शोधाशी किती जुळतो याचे गुण देणारं सूत्र आलं आणि आजही अनेक शोधयंत्रणांत ते वापरलं जातं. त्यात शब्द पहिल्यांदा आला की गुण चांगले वाढतात, दुसऱ्यांदा त्याहून कमी, आणि पुढे पुढे वाढ जवळपास थांबते. लेख लांब असेल तर तेही हिशेबात धरलं जातं. म्हणजे निव्वळ शब्दांवर चालणाऱ्या यंत्रणेतसुद्धा विसाव्या उल्लेखाने हाती काही लागत नाही.

गुगल त्याच्याही पुढे गेलं. पानाच्या कोडमध्ये लपवलेली ‘मेटा कीवर्ड्स’ची यादी रँकिंगसाठी, म्हणजे निकालांचा क्रम लावायला, वापरत नाही, हे त्यांनी सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलं. ती यादी भरण्यात आजही कुणी वेळ घालवत असेल तर तो वेळ वाया जातो आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बर्ट हे भाषा समजणारं मॉडेल इंग्रजी शोधांसाठी आलं आणि डिसेंबरमध्ये मराठीसह सत्तरहून अधिक भाषांत पोहोचलं. वाक्यातला शब्द आजूबाजूच्या शब्दांसह वाचणं हे त्याचं काम. आणि कीवर्ड कोंबणं, म्हणजे कीवर्ड स्टफिंग, गुगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन नोंदवलेलं आहे.

तरीही शब्द महत्त्वाचे आहेतच. वाचक जो शब्द टाइप करतो तो पानावर कुठेच नसेल तर यंत्रणेला अंदाज बांधावा लागतो, आणि निकालांच्या यादीत आपलं शीर्षक दिसलं तरी हे आपल्यासाठीच आहे असं वाचकाला वाटत नाही.

पुढची सगळी पद्धत मी एकाच उदाहरणावर दाखवतो. समजा लेखाचा विषय आहे ‘भिंतीला ओल येणे’.

पहिलं काम: काय तपासायचं ते कागदावर

लेख उघडण्याआधी एक कोरं पान किंवा स्प्रेडशीट घ्या. सगळ्यात वर एका वाक्यात लिहा, वाचक कोणता प्रश्न घेऊन या लेखाकडे येणार आहे. ‘भिंतीला ओल’ हा प्रश्न नाही, तो विषय झाला. ‘माझ्या घराच्या भिंतीला ओल का येते आणि ती कशी थांबवायची?’ हा प्रश्न. हे वाक्य लिहिता येत नसेल तर लेखात दोन-तीन विषय एकमेकांत मिसळले आहेत, आणि कीवर्ड तपासून ते सुटणार नाही.

त्याखाली शब्द गोळा करा. आपल्या मनातून नव्हे, लोकांच्या तोंडून. गुगलच्या चौकटीत ‘भिंतीला ओल’ लिहून थांबा आणि खाली येणाऱ्या सूचना उतरवून घ्या. मग ‘भिंतीला ओल का’, ‘ओल आलेल्या भिंतीला’, ‘भिंतीवर बुरशी’ अशा सुरुवाती करून पाहा. निकालांच्या मध्ये येणारे ‘लोक हेही विचारतात’ छापाचे प्रश्न आणि पानाच्या तळाशी येणारे संबंधित शोध घ्या. हे इनकॉग्निटो खिडकीत करा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा रंग त्यावर चढणार नाही. ठिकाणाचा परिणाम मात्र तिथेही राहतो.

मराठी शोध रोमन अक्षरांतही टाइप केले जातात, ही गोष्ट विसरू नका. तेच शब्द इंग्रजी कळफलकाने लिहून सूचना काय येतात ते बघा. त्यावरून लेखात रोमन शब्द घालायचे नाहीत. लोक नेमका कोणता शब्द उच्चारतात हे मात्र त्यातून छान कळतं. तुम्ही ‘आर्द्रता’ लिहिलं असेल आणि लोक ‘ओल’ किंवा ‘दमट’ शोधत असतील, तर ते इथे उघड होतं.

गुगल ट्रेंड्सवर दोन शब्दांची तुलना करता येते. तिथले ० ते १०० आकडे सापेक्ष असतात, शोधांची प्रत्यक्ष संख्या नसते. कोणता शब्द जास्त चालतो एवढंच त्यातून घ्यावं. कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दांसाठी तिथे पुरेशी माहितीच दिसत नाही. तेवढ्यावरून तो शब्द कुणी शोधत नाही असं समजू नका.

या जमवाजमवीतून चार गट करा. मुख्य शब्द: ‘भिंतीला ओल’. त्याचीच वेगळी रूपं: ‘भिंतीची ओल’, ‘ओल आलेली भिंत’, ‘ओली भिंत’. त्याच अर्थाचे शब्द: ‘ओलावा’, ‘दमटपणा’, ‘सर्द भिंत’. आणि सोबतचे शब्द, जे या विषयावर जाणकार बोलू लागला की आपोआप येतात: गळती, भेग, पोपडे, बुरशी, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, पाइप, छत. चौथा गट सगळ्यात मोलाचा, त्याकडे पुढे परत येतो.

निकालाचं पान वाचा

मुख्य शब्द शोधून पहिले आठ-दहा निकाल उघडा. त्यांचे शब्द मोजू नका. ते कोणत्या प्रकारचे आहेत ते बघा. सगळे निकाल ‘कारणे आणि उपाय’ सांगणारे असतील आणि तुमचा लेख एखाद्या रसायनाची जाहिरात असेल, तर तुमच्या लेखात कीवर्ड कितीही नेमका बसलेला असो, वाचकाला हवं ते तिथे नाही. निकालांत व्हिडिओ जास्त असतील तर लोकांना कृती डोळ्यांनी बघायची आहे. लेखात निदान पायऱ्यांची छायाचित्रं हवीत.

इथे विसंगती सापडली तर तपासणी इथेच थांबवा आणि लेख बदला किंवा कीवर्ड बदला. पुढच्या पायऱ्या चुकीच्या लेखावर करण्यात अर्थ नाही.

मराठीची रूपं: यंत्र इथेच फसतं

बहुतेक कीवर्ड तपासणारी साधनं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनलेली आहेत. ती अक्षरांची नेमकी तीच रांग शोधतात. मराठीत नामाला विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी त्याचं सामान्यरूप होतं, आणि मूळ शब्द अनेकदा आतून बदलतो.

‘पाणी’ घ्या. लेखात ‘पाण्यामुळे’, ‘पाण्याचा’, ‘पाण्याने’ असं पंधरा वेळा आलं असेल आणि ‘पाणी’ दोनदाच, तर साधन म्हणेल शब्द दोनदा आला. ते पाहून लेखक अजून पाच ‘पाणी’ घालतो आणि परिच्छेद बिघडतो. ‘पोपडा’ लिहून शोधलं तर ‘पोपडे’ आणि ‘पोपड्यांखाली’ सापडत नाहीत. ‘कीड’ शोधलं तर ‘किडलेला’ निसटतो, ‘मूळ’ शोधलं तर ‘मुळाशी’, कारण प्रत्यय लागताच दीर्घ स्वर ऱ्हस्व झालेला असतो.

उपाय सोपा आहे: पूर्ण शब्द शोधू नका, न बदलणारा भाग शोधा. ‘पाणी’ऐवजी ‘पाण’, ‘पोपडा’ऐवजी ‘पोपड’. हे साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये करा. प्रत्येक प्रोग्रामची शोधखिडकी जोडाक्षरात अडकलेला तुकडा पकडेलच असं नाही. आधी एक ओळखीचं वाक्य घेऊन चाचणी करा, आणि पकडत नसेल तर ‘पाणी’ आणि ‘पाण्या’ असे दोन वेगळे शोध घेऊन बेरीज करा.

तुकडा फार लहान घेतला की उलटी अडचण येते. ‘गळणे’ची रूपं मिळावीत म्हणून ‘गळ’ शोधलंत तर ‘सगळे’ आणि ‘वेगळा’ हेही त्यात येतील. ‘ओल’ शोधताना ‘ओलांडला’ येतो. त्यामुळे आकडा आला म्हणून पुढे जाऊ नका, सापडलेल्या जागांवरून एकदा नजर फिरवा. हजार-बाराशे शब्दांच्या लेखात ते काही मिनिटांचं काम आहे.

शुद्धलेखनाचे पर्यायही असतात. ‘वॉटरप्रूफिंग’ आणि ‘वॉटरप्रुफिंग’, ‘पाइप’ आणि ‘पाईप’. लेखात एकच रूप ठेवा. लोक दुसरं रूपही शोधत असतील म्हणून मुद्दाम चुकीचं लिहू नका. एवढे फरक सर्च इंजिनं बहुधा सांभाळून घेतात आणि वाचकाच्या नजरेत मात्र लेख गबाळा दिसतो.

त्यानंतर येतो न दिसणारा घोळ. पडद्यावर सारखी दिसणारी दोन अक्षरं आतून वेगळी असू शकतात. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, २००८ साली आलं. त्याआधी, आणि अजूनही काही कळफलकांवर, ‘अ’ला अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र लावून तेच अक्षर काढलं जातं. ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’ यातला अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो. पीडीएफमधून किंवा व्हॉट्सॲपवरून उचललेल्या मजकुरात शून्य रुंदीची अदृश्य चिन्हं येतात. अंक ‘१०’ आणि इंग्रजी दहा हे तर उघडच वेगळे. दोन लेखकांनी मिळून लिहिलेल्या लेखात एकच शब्द शोधून अर्धेच उल्लेख सापडले, तर असा फरक आहे का ते बघा. लेखातलाच शब्द कॉपी करून शोधखिडकीत टाकला आणि आकडा बदलला, तर तोच.

याहून गंभीर प्रकार जुन्या मजकुरात असतो. श्री-लिपी, शिवाजी, कृतीदेव अशा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. सर्च इंजिनला त्यातला एकही मराठी शब्द दिसत नाही. तपासणी सोपी: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे निरर्थक रोमन अक्षरं दिसली तर कन्व्हर्टरने बदला, आणि बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या हाताने वाचून घ्या, कारण चुका तिथेच राहतात.

ज्यांना थोडं प्रोग्रामिंग येतं त्यांच्यासाठी एक सावधगिरी. ‘शब्दातलं अक्षर’ ओळखणारी रेगेक्सची (मजकुरातला नमुना शोधायच्या सांकेतिक भाषेची) खूण देवनागरीत भरवशाची नाही. पायथॉनच्या मूळ रेगेक्समध्ये काना, मात्रा, वेलांट्या शब्दाचा भाग धरल्या जात नाहीत, त्यामुळे ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे तुकडे पडतात आणि एकूण शब्दसंख्या भलतीच फुगते. मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर मजकूर तोडणं जास्त सुरक्षित.

शब्द कुठे आहे, ते बघा

आता लेखाच्या जागा तपासा. सगळ्या जागा सारख्या नाहीत, त्यामुळे वेळही सारखा देऊ नका.

शीर्षकाला सगळ्यात जास्त वेळ द्या. ब्राउझरच्या टॅबवर दिसतं ते टायटल आणि पानावर मोठ्या अक्षरांत दिसतं ते मुख्य शीर्षक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींत वाचकाचा शब्द असावा, शक्यतो सुरुवातीकडे. अक्षरांची ठरावीक मर्यादा नाही. निकालात शीर्षक पडद्याच्या रुंदीप्रमाणे कापलं जातं, म्हणून महत्त्वाचं आधी. ‘भिंतीला ओल का येते? कारण ओळखा, मग उपाय करा’ हे शीर्षक वाचक म्हणतो तसंच आहे. ‘भिंतीला ओल | भिंत ओल उपाय | ओल्या भिंतीचे उपाय’ हे शीर्षक माणसाने माणसासाठी लिहिलेलं वाटत नाही. २०२१ पासून गुगल निकालात दाखवायला पानावरचा दुसरा मजकूरही सर्रास घेतं, आणि असं कोंबलेलं शीर्षक त्याचं एक कारण असतं. निकालात आपलं शीर्षक बदललेलं दिसलं तर गुगलवर रागावण्याआधी आपलंच शीर्षक पुन्हा वाचा.

दुसरी महत्त्वाची जागा सुरुवातीचा परिच्छेद. नियम असा ठेवा: फक्त पहिली तीन वाक्यं वाचून अनोळखी माणसाला सांगता आलं पाहिजे की लेख कशाबद्दल आहे आणि शेवटी त्याला काय मिळेल. अनेक मराठी लेखांची सुरुवात ‘आजच्या धावपळीच्या युगात’ अशी होते आणि विषय चौथ्या परिच्छेदात येतो. ती प्रस्तावना कापून टाका. कीवर्ड आपोआप वर सरकतो, मुद्दाम पेरावा लागत नाही.

उपशीर्षकं सलग वाचून पाहा, मधला मजकूर झाकून. त्यातून लेखाचा सांगाडा कळायला हवा. ‘डाग जमिनीलगत असेल तर’, ‘छताजवळची गळती’, ‘पोपडे खरवडल्यावर काय करायचं’ ही चांगली उपशीर्षकं आहेत, आणि त्यात मुख्य कीवर्ड एकदाही नाही. प्रत्येक उपशीर्षकात ‘भिंतीला ओल’ दिसत असेल तर निम्म्या ठिकाणांहून काढा.

मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे निकालात शीर्षकाखाली दिसावं म्हणून पानाच्या कोडमध्ये लिहिलेलं वर्णन, याचा रँकिंगशी थेट संबंध नाही, आणि गुगल अनेकदा त्याऐवजी पानातलाच तुकडा दाखवतं. तरी दोन ओळी नीट लिहा, क्लिक त्यावरून ठरू शकतो. चित्रांच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये चित्रात काय आहे ते लिहा: ‘जमिनीपासून वर चढलेला ओलीचा डाग’. ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी ते वाक्य आहे, कीवर्डची आणखी एक जागा नव्हे. यूआरएल, म्हणजे पानाचा पत्ता, छोटा आणि अर्थपूर्ण असला की पुरे. देवनागरी यूआरएल चालतो, फक्त कॉपी केल्यावर टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते.

तुमच्याच इतर लेखांतून इकडे येणाऱ्या दुव्यांवरचा मजकूर मात्र जरूर तपासा. ‘इथे क्लिक करा’ यातून पुढच्या पानाबद्दल ना वाचकाला काही कळतं ना यंत्रणेला. ‘ओल येण्याची कारणं’ असा दुवा द्या.

आणि एक शेवटची जागा: शब्द खरोखर पानावर आहे ना? मजकूर चित्रात असेल, किंवा क्लिक केल्यावरच सर्व्हरकडून येत असेल, तर सर्च इंजिनपर्यंत तो पोहोचलाच असेल याची खात्री नाही. सर्च कन्सोल या संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या गुगलच्या साधनात यूआरएल तपासणीतून गुगलला दिसलेला कोड उघडता येतो. त्यात तुमचं एखादं वाक्य शोधा.

आता मोजा

इथवर आल्यावर मोजणीला अर्थ येतो. पण आधी टक्केवारीचं एक गौडबंगाल लक्षात घ्या. १,२०० शब्दांचा लेख आहे आणि ‘भिंतीला ओल’ नेमकं याच रूपात ६ वेळा आलं आहे. एक साधन ६ भागिले १,२०० करून ०.५ टक्के सांगेल. दुसरं साधन दोन शब्दांचा कीवर्ड म्हणून १२ शब्द धरेल आणि १ टक्का सांगेल. ‘भिंतीची ओल’, ‘ओल आलेली भिंत’ अशी रूपं आणखी ९ वेळा असतील तर पहिल्याच पद्धतीने १.२५ टक्के, दुसऱ्या पद्धतीने २.५. लेख तोच, आकडे चार. म्हणून टक्केवारीचं लक्ष्य ठरवून लिहिणं निरर्थक आहे.

मोजायचंच तर उल्लेखांचा नकाशा करा. मुख्य शब्दाची सगळी रूपं रंगाने ठळक करा आणि लेख लांबून, झूम कमी करून बघा. रंग एका ठिकाणी दाटला असेल तर तिथे अतिरेक आहे. लेखाचा मोठा भाग अगदी कोरा असेल तर तो भाग विषयाला सोडून गेला आहे का, हे वाचून ठरवा. या एका नजरेत टक्केवारीपेक्षा जास्त कळतं. स्प्रेडशीटमध्ये मोजायचं असेल तर मजकुराच्या एकूण लांबीतून, तो शब्द काढून टाकल्यावर उरलेली लांबी वजा करा आणि शब्दाच्या लांबीने भागा. लेन आणि सब्स्टिट्यूट ही दोन सूत्रं त्यासाठी पुरतात.

मग मोठ्याने वाचा. अतिरेक पकडण्याचं याहून चांगलं साधन मला माहीत नाही. हा परिच्छेद वाचून पाहा:

‘भिंतीला ओल ही अनेक घरांतली समस्या आहे. भिंतीला ओल आली की भिंतीला ओल येण्याची कारणे शोधावी लागतात. भिंतीला ओल उपाय करण्याआधी भिंतीला ओल का येते हे समजून घ्या.’

२८ शब्दांत कीवर्ड पाच वेळा, आणि माहिती शून्य. त्याच जागी असं लिहिता येतं:

‘भिंतीला ओल आली की आधी ती कुठून येते ते शोधा. डाग जमिनीलगत असेल तर पाणी पायाकडून वर चढत असण्याची शक्यता जास्त. छताजवळ असेल तर वरची गळती तपासा. एखाद्या पाइपाच्या रेषेत असेल तर तो पाइप.’

कीवर्ड एकदाच आला. पण ‘डाग’, ‘पाया’, ‘गळती’, ‘छत’, ‘पाइप’ हे शब्द आले, आणि वाचक लगेच उठून भिंतीकडे बघायला जाऊ शकतो.

पहिल्या परिच्छेदातल्या ‘भिंतीला ओल उपाय’ या तुकड्याकडे पुन्हा बघा. लोक शोधताना प्रत्यय गाळतात, ‘भिंत ओल उपाय’ असं टाइप करतात. तो तुकडा जसाच्या तसा वाक्यात बसवायचा मोह होतो, आणि मराठी वाक्य तिथेच मोडतं. प्रत्यय लावा, क्रम बदला, ‘ओल आलेल्या भिंतीवर उपाय’ असं लिहा. मोडकी मराठी वाचून वाचक परत फिरतो, हे नुकसान कोणत्याही कीवर्डने भरून येत नाही.

अतिरेक काढताना सर्वनामं हाताशी ठेवा. ‘ती’, ‘तिथली’, ‘हा डाग’. मराठीत संदर्भ स्पष्ट असेल तर कर्ता गाळूनही वाक्य पूर्ण होतं. आपल्या भाषेची ही सोय आहे, ती वापरा.

काय राहून गेलं

आता सुरुवातीच्या यादीतला चौथा गट काढा, सोबतचे शब्द. एकेक शब्द घेऊन लेखात शोधा. ‘बुरशी’ नाहीच? मग ओल आलेल्या भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसतात त्याबद्दल तुम्ही लिहिलंच नाही. ‘भेग’ नाही? मग बाहेरून झिरपणारं पाणी राहून गेलं. गहाळ शब्द म्हणजे बहुतेक वेळा गहाळ माहिती. तिथे नुसता शब्द घालू नका, तो मुद्दा लिहा. मुद्दा लिहिला की शब्द येतोच.

काही साधनं पहिल्या दहा निकालांत येणाऱ्या शब्दांची यादी करून देतात. ती बघायला हरकत नाही, पण सगळे एकमेकांचं वाचून लिहीत असतील तर त्या यादीतही तेच तेच फिरत राहतं. त्या कामातल्या माणसाशी दहा मिनिटं बोला. तो जे शब्द सहज वापरतो आणि जे प्रश्न उलट विचारतो, ते कुठल्याच यादीत नसतात. माझ्या मते चांगल्या आणि साधारण लेखातला फरक नेमका इथे पडतो.

आपलाच लेख आपल्याला आडवा येतोय का

प्रकाशित करण्याआधी गुगलमध्ये ‘site:’ पुढे आपल्या संकेतस्थळाचा पत्ता आणि मग मुख्य शब्द लिहून शोधा. त्याच प्रश्नावर आधीचा एखादा लेख निघाला तर दोन्ही वाचा. प्रश्न खरंच वेगळे असतील, एक कारणांवर आणि दुसरा रंग देण्यावर, तर शीर्षकांतून तो फरक स्पष्ट करा आणि एकमेकांना दुवे द्या. प्रश्न एकच असेल तर जुन्याच लेखात नवा मजकूर घाला. दोन पानं एकाच शोधासाठी झगडू लागली की गुगल कधी हे दाखवतं, कधी ते.

प्रकाशनानंतर

खरी तपासणी सर्च कन्सोल करतो, पण त्याला काही आठवडे द्यावे लागतात. परफॉर्मन्स अहवालात ते एक पान निवडा आणि क्वेरींची, म्हणजे लोकांनी टाइप केलेल्या शोधांची, यादी बघा. इम्प्रेशन म्हणजे निकालात किती वेळा दिसलं, क्लिक म्हणजे किती जण आले. हा अहवाल मागच्या १६ महिन्यांपर्यंतचा मिळतो. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीत दाखवले जात नाहीत, त्यामुळे यादीची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळली नाही तर गोंधळू नका.

रूपांचा प्रश्न इथेही आहे. २०२१ पासून या अहवालात रेगेक्सने गाळता येतं. ‘पाणी|पाण्या’ असं उभ्या रेघेने लिहिलं की दोन्ही रूपांच्या क्वेरी एकत्र दिसतात. रोमन लिपीतल्या क्वेरी वेगळ्या गाळून बघा.

यादी वाचताना मी पुढच्या गोष्टी शोधतो. इम्प्रेशन भरपूर आणि क्लिक नगण्य, आणि सरासरी स्थान पहिल्या पाचांत: बहुधा शीर्षक वाचकाच्या शब्दांत नाही, किंवा उत्तर निकालाच्या पानावरच मिळतं आहे. स्थान आठ ते वीसच्या मध्ये: त्या क्वेरीचं उत्तर लेखात आहे पण दोन ओळींत उरकलेलं आहे, तो भाग नीट विस्ताराने लिहा. बदल एका वेळी एकच करा आणि तारीख नोंदवून ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात आकडा कशामुळे हलला हे सांगता येणार नाही. नीट चालणाऱ्या लेखाला नुसता कीवर्ड वाढवायला हात लावू नका.

काही क्वेरी अशा निघतील की त्यांचं उत्तर तुमच्या लेखात नाहीच. ‘ओल आलेल्या भिंतीवर कोणता रंग लावावा’ या शोधात तुमचं कारणांवरचं पान दिसत असेल, तर रंगाबद्दल दोन परिच्छेद त्यातच कोंबायचे की स्वतंत्र लेख लिहायचा, हे सुरुवातीला कागदावर लिहिलेल्या प्रश्नावरून ठरवा. रंगाचा प्रश्न त्या वाक्यात बसत नसेल तर नवं पान घ्या, त्याचा प्रश्न वर लिहा, आणि जुन्या लेखातून त्याला दुवा द्या.